वहीसाठी शिवलेल्या गोधड्या

काल सकाळी दुकानाचं शटर वर करताना लोखंड हाताला गार लागलं आणि मी तिथेच रस्त्यावर उभी राहून मोठ्याने म्हटलं, "आली!"

शेजारचा चहावाला दचकला. "कोण आली, ताई?"

"थंडी रे, थंडी!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू शहाद्यात थंडी पहिल्यांदाच येतेय. त्याला काय सांगू? माझं ब्लाउज शिवायचं दुकान. थंडी म्हणजे माझ्यासाठी पूर्वी फक्त लग्नसराईच्या आधीची धांदल होती. काज, हुक, अस्तर, "ताई, परवा पाहिजे, हळद आहे." आता तसं राहिलेलं नाही. आता गार वारा सुटला की माझे हात आपोआप दुकानाच्या कोपऱ्यातल्या पोत्यांकडे जातात. त्यात वर्षभराची कातरण असते. पोतं उलटं केलं की जमिनीवर रंगांचा सडा पडतो. राणी, मोरपंखी, शेंदरी, कुणाच्या डोहाळजेवणातला हिरवा. दुपारच्या आत गावाहून फोन आलाच. पलीकडची बाई ओरडूनच बोलत होती, कारण मागे सात-आठ जणी एकदम बोलत होत्या.

"कल्पना, कातरण काढी ठेव! आम्ही ई ऱ्हायनूत!"

फोन ठेवला आणि मला हसूच आवरेना. तीन हिवाळ्यांपूर्वी याच बायका गोधडीचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. बाजारात गुबगुबीत रग मिळतात, फुलाफुलांचे, धुवायलाही सोपे. गोधडी कोण शिवतं आता? आणि मग तो हिवाळा आला.

आमचं गाव तापीच्या काठावर आहे. शेतात कापूस, केळी, ऊस. कधीकाळी आमची माणसं गुजरातेतून इकडे आली, म्हणून घरात अजून थोडं गुजराती वळणाचं बोलणं, गावात अहिराणी आणि शाळेत मराठी. कुठून आली, कधी आली, कोण पहिला आला, हे सगळं एकाच माणसाकडे लिहिलेलं असायचं. तो म्हणजे आमचा बारोट. पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याची वंशावळ लिहिणारा आणि गावोगाव फिरून ती वाचून दाखवणारा माणूस. तो आला की ओट्यावर सतरंजी अंथरायची, त्याच्या वहीला कुंकू लावायचं, आणि तो वाचायला लागला की घरातल्या सगळ्या पुरुषांनी मान डोलवायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो आला, तब्बल नऊ वर्षांनी. बसमधून उतरला, डोक्यावर पत्र्याची पेटी. सत्तरीचा माणूस, पण धोतर असं कडक, जणू आत्ताच इस्त्रीखालून काढलंय. मी भाऊबीजेनंतर गावातच होते, माझ्या सासरच्या घरी. सगळी भावकी जमली. बारोटाने लाल कापडातून लांबट, अरुंद वही काढली आणि कापड सोडताच आम्हाला वास आला. ओल्या भिंतीचा वास.

तो वाचू लागला. एक पिढी, दुसरी, तिसरी. आवाज खणखणीत. मग थांबला. पान उलटेना. पावसाळ्यात त्याच्या घराची कौलं गळली होती आणि पाणी पेटीत गेलं होतं. मधली सगळी पानं एकमेकांना चिकटून त्यांचा एक ठोकळा झाला होता. कडेला वाळवीने नक्षी काढली होती.

"पुढचं नाही वाचता येत," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मुलगा माझा सुरतेला टेंपो चालवतो. त्याला यात रस नाही. मी ठरवलंय. जी वही वाचता येत नाही ती घरात ठेवू नये. माघी पौर्णिमेला तापीत सोडेन. म्हणून शेवटचं भेटायला आलो."

 मग माझे चुलत जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ मगनदादा, म्हणाले, "जुना कागद शे, भाऊ. कितला दिन टिकी? जेवढं उघडस, तेवढाना फोटू काढी ल्या फोनमा." मगनदादा बासष्ट वर्षांचे. केळीच्या घडाकडे नुसतं पाहून वजन सांगणारे, पण भावनेची गोष्ट निघाली की डोक्यावरची टोपी उगीच पुढेमागे करणारे. त्यांनी टोपी पुढे ओढली. विषय संपला, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात दाराआडून जमनामाय बोलल्या. मगनदादांची आई. चौऱ्यांशी वर्षं, पाठ वाकलेली, पण दृष्टी अजून सुईत दोरा ओवण्याइतकी. "बारोटजी," त्या म्हणाल्या, "जे उघडस, त्यामा मन्हं काय लिखेल शे?"

बारोटाने शोधलं. मगनदादांच्या वडिलांच्या नावापुढे बारीक अक्षरात एकच शब्द होता. त्याने वाचला, "कुकरमुंड्याची."

"नाव?"

"बायकांचं गाव लिहितो आम्ही, माय. नाव नाही. अशी रीत आहे."

मी पुढे सरकून बघितलं. माझ्या नवऱ्याच्या नावापुढेही होतं, "तळोद्याची." बस. मला हसावं की रडावं कळेना. एकवीस वर्षं या घरात आहे मी, अर्ध्या गावाच्या अंगावर मी शिवलेलं कापड आहे, आणि वहीत मी म्हणजे तळोदा.

वही वाचवता येईल का, असं विचारल्यावर कळलं, बारोटालाच माहीत होतं की सुरतेकडे एक बाई अशी चिकटलेली पानं वाफेवर सोडवतात, पातळ कागद लावून त्यांना बळ देतात आणि मग एकेका पानाचा मोठा फोटो काढतात. पण फुकट थोडीच करतील? पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. कापूस अजून घरात पडलेला. "पुढल्या साली देखू," असं कुणीतरी म्हणालं.

जमनामाय उंबऱ्याबाहेर आल्या. पुरुषांत अशा त्या कधी येत नसत. "पुढला साल वही पानीमा जाई. गोधड्या शिवसूत. सारंगखेडानी यात्रामा विकसूत. यात्रामा थंडी कशी ऱ्हास माहीत शे ना? घोडावाला तठेच झोपतस."

सारंगखेड्याची यात्रा म्हणजे ऐन थंडीतला घोड्यांचा मोठा बाजार. आधी हशा झाला. मग तो हळूहळू विरला, कारण त्या हसत नव्हत्या.

ते चार-पाच आठवडे आठवले की अजून माझ्या अंगावर शहारा येतो, आनंदाचा. मी दुकान दुपारपर्यंतच उघडं ठेवायची आणि एसटी पकडून गावात. जमनामायच्या अंगणात उन्हात सतरंज्या पसरलेल्या. पहिल्या दिवशी चौघी. तिसऱ्या दिवशी अकरा. पेट्या उघडल्या, गाठोडी सुटली, जुनी लुगडी बाहेर आली. इतकी मऊ झालेली की हातात धरली तर पाण्यासारखी निसटायची. खाली एक लुगडं, वर एक, मध्ये जुन्या कापडाचे थर, आणि वरच्या बाजूला माझ्या दुकानातल्या रंगीत तुकड्यांची ठिगळं. मग कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत यायचं, साधा धावदोरा, एकापाठोपाठ एक. चार जणी चार कोपऱ्यांवर बसल्या की मध्ये भेटेपर्यंत दोन दिवसांत गावातली एकही बातमी बाकी राहत नसे.

मी आयुष्यभर मशीनवर शिवलेलं. माझा हाताचा टाका बघून जमनामायनी सुई काढूनच घेतली. "तुन्हा टाका देखी का? जशी कोंबडी चालनी." मी पुन्हा शिकले. एकेकीचा टाका ओळखायला लागले. माझ्या शेजारी बसणाऱ्या सरलावहिनींचा तिरका, घाईचा. जमनामायचा ज्वारीच्या दाण्याएवढा, सगळे सारखे.

आणि मग ते सुरू झालं, जे आमच्यापैकी कुणी ठरवलं नव्हतं.

सरलावहिनींनी एक विटकं निळं लुगडं पुढे ओढलं. "हाई कोन्हं?"

"मन्ही सासूनं," जमनामाय म्हणाल्या.

मी सहज विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

जमनामायनी तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांची सुई हवेत थांबली. "निझरवाली म्हणेत तिले सारा लोके," त्या हळूच म्हणाल्या. "नाव... नाव माले नही माहीत, माय."

 मग सरलावहिनींनी फोन उचलला. निझरला त्यांच्या भावजयीचं माहेर. तिथून कुणाचा तरी नंबर, त्यावरून आणखी कुणाचा. आम्ही सगळ्या सुया खाली ठेवून त्या फोनकडे बघत बसलो होतो, जसं क्रिकेटच्या शेवटच्या षटकात लोक टीव्हीकडे बघतात. अर्ध्या तासाने उलट फोन आला. त्या घरात एक नव्वदीची म्हातारी निघाली. तिला आठवलं.

"धनकोर!" सरलावहिनी ओरडल्या.

"धनकोर," जमनामायनी ते नाव जिभेवर ठेवून बघितलं. त्यांचे डोळे भरले आणि त्या हसायलाही लागल्या. "चाळीस साल तिनी सेवा करी मी. नाव आज समजनं!"

माझ्याजवळ मापाची वही होती. मी त्यातच लिहिलं. एका पानावर कुणाची तरी छाती छत्तीस, बाही नऊ, आणि त्याखाली धनकोर, निझर. त्यानंतर आम्हाला वेडच लागलं. रोज कुठलंतरी कापड, रोज एक नवी शोधाशोध. फोन तळोद्याला, कुकरमुंड्याला, सुरतेला, म्हसावदला. एका बाईंचं नाव सासरी आल्यावर बदललं होतं, कारण जावेचं नाव तेच होतं. कुठलं लिहायचं? "दोन्ही लिख," बायका एका सुरात म्हणाल्या. एका पणजीचं नाव तीन ठिकाणी तीन सांगितलं गेलं आणि त्यावरून दोन घरांत चक्क भांडण झालं. मला तर इतकं भारी वाटायचं! आजवर ज्या बाईची कुणी आठवण काढली नव्हती, तिच्या नावावरून लोक तावातावाने भांडत होते. शिवता शिवता मापाची वही भरली. मी दुकानात नवी आणली. गिऱ्हाईकांची मापं मी आता कॅलेंडरच्या मागे लिहीत होते.

मगनदादा येता-जाता बघायचे. काही बोलायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "ऊन सरकनं. सतरंजी तिकडे ओढा." आणि स्वतःच ओढून दिली.

सारंगखेड्याच्या यात्रेत आम्हाला बांगड्यावाला आणि घोड्यांचे लगाम विकणारा यांच्या मध्ये जागा मिळाली. धूळ, घोड्यांच्या अंगाचा वास, तापीवरून येणारा बोचरा वारा, आणि दोरीवर टांगलेल्या आमच्या सात गोधड्या.  आठवी गोधडी जमनामायच्या बुडाखाली होती. धनकोरच्या निळ्या लुगड्याची. "ही इकानी नही," त्यांनी जाहीर केलं आणि त्या दिवसभर तिच्यावर बसून राहिल्या.

पहिलं गिऱ्हाईक, भरदार मिशांचा एक घोडेवाला. उत्तरेकडचा. त्याने एका गोधडीवरून हात फिरवला. "बढ़िया है, माँजी. घोड़ी के लिए चाहिए."

मी गोधडी काढायला हात वर केला. जमनामाय कडाडल्या, "घोडीले? त्यामा मन्ही मावससासूनं लुगडं शे! ती जनमभर मोटरमा बठनी नही, आते घोडीवर बठाडू का तिले?"

त्याला अहिराणी किती कळली कोण जाणे, पण सूर बरोबर कळला. त्याने हात जोडले. "ग़लती हो गई, माँजी. मैं ही ओढूँगा." आणि खरंच, तिथेच ती खांद्यावर घेऊन तो यात्रेत निघून गेला. एवढा धिप्पाड माणूस, गुलाबी-मोरपंखी ठिगळांची गोधडी पांघरून, काळ्या घोडीपुढे चाललेला! तासाभरात लोक त्याने दाखवलेल्या वाटेने आमच्याकडे येऊ लागले. दुपार कलायच्या आत दोरी रिकामी.

शेवटी एक शिक्षिका आल्या, धडगावच्या शाळेत शिकवणाऱ्या. घाटात राहायचं, तिकडे थंडी हाडात शिरते म्हणाल्या. विकायला काहीच उरलं नव्हतं. जाता जाता त्यांची नजर जमनामायच्या खालून डोकावणाऱ्या निळ्या कापडावर गेली आणि त्यांनी सहज विचारलं, "आजी, हे लुगडं कोणाचं?"

 जमनामाय हात टेकून उठल्या, खालची गोधडी झटकली आणि त्यांच्या हातात दिली. "धनकोरबाईनं," त्या म्हणाल्या. "निझरनी. मन्ही सासू. ध्यान ठेवजे."

परतताना जीपमध्ये आम्ही अकरा जणी इतक्या मोठ्याने गात होतो की ड्रायव्हरने आपलं गाणं बंद केलं.

मग मी आणि बारोट नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसलो, पेटी मांडीवर. नंदुरबारच्या बाहेर शेतंच्या शेतं लाल मिरच्यांनी झाकलेली होती आणि सगळा डबा शिंकत होता. खांडबारा गेलं, नवापूर गेलं, बारोट पेटीवरचा हात काढेना. सुरतेतल्या त्या पानं सोडवणाऱ्या बाई बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी माझ्यादेखत पहिलं पान सोडवलं. वाफ, मग बांबूची पातळ काडी, मग श्वास रोखून वाट बघणं. पान सुटलं तेव्हा मी टाळीच वाजवली. त्या दचकल्या, मग म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी टाळी वाजवली." पैसे पुरले, काठावर, पण पुरले.

माघी पौर्णिमेला बारोट परत आला तो वही नदीत सोडायला नाही. पुन्हा ओटा, पुन्हा सतरंजी. या वेळी पुरुष भिंतीला टेकून आणि आम्ही सगळ्या पुढे. त्याने चिकटलेल्या पानांतल्या त्या सहा पिढ्या एका दमात वाचल्या. मग मी माझ्या मापाच्या वह्या त्याच्यापुढे ठेवल्या. एकशे सात नावं.

तो चाळत राहिला. "बेन, एवढी मेहनत! पण वहीत बायकांची नावं घालायची रीत..."

"वही कोन्ही उघाडी?" जमनामायनी विचारलं. "आम्हीच उघाडी ना? मंग आम्हीच भायेर कसाले?"

 बारोट हसला. दिलखुलास. पेन काढलं आणि गावांच्या नावांपुढे एकेक नाव लिहायला बसला. प्रत्येक नाव लिहिलं की मोठ्याने वाचायचा, आणि जिची सासू, जिची आजी, ती जागच्या जागी उठून उभी राहायची. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप. माझं नाव आलं तेव्हा मीही उठले.  कल्पना, तळोदा. जमनामायचंही आलं. जमना, कुकरमुंडा. त्या उभ्या राहिल्या, आणि सगळ्या बसल्या तरी त्या बसल्या नाहीत.

"एक ऱ्हायनं," त्या म्हणाल्या.

"सांगा, माय."

"रेवा."

मी वह्या चाळल्या. रेवा कुठेच नव्हतं. असं नाव कुठल्या लुगड्यावरून, कुठल्या फोनवरून आलं नव्हतं. "कोण रेवा?" मी विचारलं.

"मन्ही पोर," जमनामाय म्हणाल्या. "सवा महिनानी व्हती. मंग ताप उना, अन् गयी. तिनं एक फडकंबी नही मन्हाजोडे. कोन्ही कधी इचारं नही, मीबी सांगं नही."

 भिंतीला टेकलेले मगनदादा सरळ झाले. बासष्ट वर्षांत हे नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मन्हाथून धाकली?" त्यांनी विचारलं.

"मोठी. दोन सालनी."

बारोटाने पेन उचललं. त्या पानावर मगनदादांच्या नावाखाली थोडी जागा मोकळी होती. तिथे त्याने पेन टेकवलं.

मगनदादा उठले. बायकांच्या मधून वाट काढत पुढे आले आणि बारोटाशेजारी खाली मांडी घालून बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. खिशातून चष्मा काढला, घातला, आणि त्या पानावर वाकून त्यांनी बोट ठेवलं.

"आठे नही, भाऊ," ते म्हणाले.  "मन्हा वर लिखा. मोठी शे ती."